आमच्या वर्गातला पराम्टर

तीस वर्षं हळू बोलण्याची नोकरी करून ज्याला हळू बोलता येत नाही, असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तो माझ्या वर्गात मदतनीस होता.

वर्ग म्हणजे मोठ्या माणसांचा साक्षरता वर्ग. गाव सडक अर्जुनीपासून आत, महामार्गावरच्या ट्रकांचा आवाज जेमतेम पोचतो एवढ्या अंतरावर. सकाळी तिथल्या शाळेत मी तिसरीच्या पोरांना शिकवायची आणि दुपारी चारनंतर त्याच बाकांवर त्याच पोरांच्या आया आणि आज्या गुडघे अंगाशी दुमडून बसायच्या. शिकवायला मी एकटी. मदतनीस हवा म्हणून वर कळवलं, तर गावातलाच एखादा वाचता येणारा, रिकामा माणूस शोधा असं उत्तर आलं. वाचता येणारे रिकामे नव्हते आणि रिकामे होते ते वाचायचं म्हटलं की बैल सुटल्याचं सांगून पळायचे. दोन्ही गुण एका अंगात असलेला हा एकच निघाला.

त्याचा मूळ धंदा नाटकाचा. धान कापून झालं की आमच्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम लागतो. गावोगाव मंडप पडतात, नटांना रोज नवं गाव आणि कधी कधी नवंच नाटक. पाठांतर करायला कोणाला वेळ असतो? म्हणून विंगेत वही घेऊन बसलेला प्रॉम्प्टर हाच सगळ्या नाटकाचा जीव. गावाच्या तोंडी त्याचा झाला पराम्टर. राजे, दरोडेखोर, विधवा आणि पोलीस इन्स्पेक्टर अशा सगळ्यांच्या तोंडात याने तीस वर्षं शब्द घातले. मग त्याचे कान जरा कमी झाले. स्वतःची कुजबूज स्वतःलाच ऐकू येईना, म्हणून तो ती वाढवत गेला, आणि वाढता वाढता ती मंडपाच्या शेवटच्या टोकाला चिवडा विकणाऱ्यापर्यंत पोचायला लागली. शेवटी एका नावाजलेल्या नायकाने मालकाजवळ गाऱ्हाणं केलं. म्हणाला, "मी बोलाच्या आधीच लोक रडून राहिले. मंग मी कायले उभा राहू?"

झालं. त्या हंगामात त्याची वही काढून घेतली आणि पुढच्या महिन्यात तो माझ्या दारात उभा राहिला. धोतर स्वच्छ, कपाळाला बुक्का, काखेत छत्री. वर्गाकडे एकदा पाहिलं, फळ्याकडे पाहिलं आणि मला विचारलं, "मॅडम, विंग कोठी हाये?"

मी म्हटलं, शाळेला विंग नसते. तो खूप निराश झाला. दुसऱ्या दिवशी कपाट आणि खिडकीचा गज यांच्यामध्ये एक हिरवं लुगडं टांगलेलं दिसलं आणि मागून छत्रीचं टोक. बायकोचं लुगडं होतं ते. ती बिचारी दोन दिवस ते गोठ्यात शोधत होती.

त्याला समोरासमोर बोलताच येत नव्हतं, ही गोष्ट कळायला मला आठवडा लागला. घरी पाहुणा आला तर तो दाराआडून चहा विचारायचा. बाजारात भाजी घ्यायची तर गाडीच्या मागच्या अंगाने. मोबाइल वाजला की भिंतीकडे तोंड करून उभा. पण कशाच्या तरी आड बसवला की त्याच्यासारखा वक्ता नाही. वहीतलं बोलायचं असलं की शुद्ध, भारदस्त, नाटकी मराठी. वही मिटली की आपली झाडीबोली. एकदा शेजारणीने फवारणीच्या औषधाची बाटली वाचायला आणली. त्याने लुगड्याआडून ‘पोटात गेल्यास त्वरित डॉक्टरांना बोलवावे’ हे वाक्य असं काही म्हटलं की पुढच्या बाकावर दोघींनी पदर डोळ्यांना लावले आणि तिसरीने, मग आला का वो डॉक्टर, म्हणून विचारलं.

दुसरी खोड त्याहून वाईट. समोरचा माणूस क्षणभर थांबला की पुढचा शब्द याच्या तोंडून सुटायचा. आजार म्हणा हवं तर. लग्नात नवरदेव नाव घेताना अडला तर मांडवाच्या खांबाआडून उखाणा पूर्ण व्हायचा. एका मयतीला तर याने भेटायला आलेल्या प्रत्येकाला ‘चांगला माणूस होता’ हे वाक्य पुरवलं, आणि गेलेल्याचा भाऊ म्हणाला की एवढा चांगला नव्हता गा तो, जरा कमी कर. माझं तर निम्मं बोलणं त्यानेच केलं. मी ‘उद्या सगळ्यांनी’ म्हणून खडू उचलायला वाकले की पडद्याआडून ‘पाटी पुसून आनावी’ यायचं. मला भलतंच काही सांगायचं असायचं, पण पाटी पुसून आणणंही वाईट नव्हतं, म्हणून मी तेच ठेवायची.

तपासणीचा दिवस मात्र मी विसरणार नाही. तालुक्याहून एक साहेब आले. मऊ बोलणारे, चांगले गृहस्थ. त्यांनी फुलनबाईला उभं केलं. फुलनबाई साठीची, जंगलात तेंदूपत्ता आणि मोहफुलं वेचण्यात आयुष्य गेलेलं, वाघाला न भिणारी आणि साहेबाला भयंकर भिणारी. साहेबांनी फळ्यावर ‘कमळ’ लिहिलं आणि वाचायला सांगितलं. ती त्या शब्दाकडे न बघता साहेबांच्या बुटांकडे बघत राहिली. पडद्याआडून कुजबूज आली, "फऱ्याकडं पाय."

फऱ्याकडं पाय म्हणजे फळ्याकडे पाहा. फुलनबाईने मान वर केली आणि खणखणीत आवाजात साहेबांना वाचून दाखवलं, "फऱ्याकडं पाय."

साहेबांना हसू आवरेना. कुजबूज परत आली, "हसून राहिला तो. तू पन हास."

"हसून राहिला तो," फुलनबाईने वाचलं, "तू पन हास."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. तीन अक्षरांच्या मानाने वाचनाचा वेग उत्तम आहे असा शेरा देऊन गेले. मी मागे वळून हिरव्या लुगड्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. लुगडं एवढंच म्हणालं, की नाटकात हे रोजचं आहे. एका राजाने भर दरबारात वहीतली कंसातली सूचनाच, ‘तलवार उपसतो’ असं म्हणून तलवार उपसलीच नव्हती.

इथपर्यंत सगळी मजाच होती. मग देवकाबाईने पैज मारली.

देवकाबाई आमची सरपंच. जागा बाईसाठी राखीव झाली म्हणून निवडून आली आणि कारभार तिचा नवरा टेकचंदभाऊ बघायचा. माणूस वाईट नव्हता. पण लोक त्यालाच सरपंच म्हणायचे आणि तिला सरपंचीन, आणि त्याला ते बरं वाटायचं. सभेत ती खुर्चीवर बसायची, तो मागे उभा राहून वाचायचा, ती सहीच्या जागी अंगठा उठवून शाईच्या अंगठ्यावर पदर ओढून घ्यायची. दिवाळीनंतरच्या ग्रामसभेत एका बाईने रस्त्याबद्दल तिला सरळ काही विचारलं, तेव्हा उपसरपंच हसत म्हणाला की बाईले कायले तरास देता, जे विचारायचं ते टेकचंदभाऊले विचारा, बाई तं खुर्ची गरम ठेवाले हाये. लोक हसले. टेकचंदभाऊही हसला.

तो हसला, हे तिला लागलं. ती उभी राहिली आणि म्हणाली की सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत सगळे विषय मी वाचीन. एक शब्द जरी दुसऱ्याने सांगावा लागला, तरी तिथल्या तिथे राजीनामा देईन. आणि नवीन ग्रामसेवकाला म्हणाली, लिवा हे. ग्रामसेवक साताऱ्याकडचा, कामाला चोख. त्याने लिहिलं.

दुसऱ्या दिवशी ती वर्गात आली. तोवर तिला क आणि फ यांच्यातला फरकही माहीत नव्हता. हातात अडीच महिने.

पराम्टरच्या अंगात वारं शिरलं. त्याने तिला पडद्याला लागूनच्या बाकावर बसवलं. अक्षर हे नटासारखं असते, असं तो तिला सांगायचा. एकटं असलं की मोठी ऐट, जोडीनं आलं की एकाचा पाय तुटते. तीन आठवड्यांत देवकाबाई पहिलं पुस्तक धडाधड वाचायला लागली. मी इतकी हरखले की एके दिवशी पेढे आणले. पेढे वाटायच्या आधी शेवटचा धडा वाच म्हटलं. पराम्टर त्या दिवशी नेमका दाढी करायला गेला होता. तिने पुस्तक उघडलं, बोट ठेवलं आणि गाईच्या चित्राखाली पावसाचा धडा म्हणून दाखवला.

मी पान बदललं. परत पाऊस.

मग मला उमगलं. तिला पुस्तकातलं एक अक्षर येत नव्हतं. तिला त्याचा आवाज पाठ झाला होता. अठरा पेढे तसेच पुड्यात राहिले.

तो दाढी करून आला तेव्हा मी लुगडं एका ओढीत खाली पाडलं आणि त्याला तोंडावर सांगितलं, की तुम्ही हिला वाचायला शिकवलंच नाही, ऐकायला शिकवलंत. घरी नवरा मागून सांगतो, इथे तुम्ही मागून सांगता. फरक काय? देवकाबाई खाली मान घालून बसली होती. तो पडद्याशिवाय उघडा पडल्यासारखा उभा होता, गाल गुळगुळीत, कानाशी साबण. मी थांबले होते, पण पुढचा शब्द त्याच्याकडून आला नाही. छत्री घेऊन निघून गेला.

दोन दिवस आला नाही. तिसऱ्या दिवशी आला, लुगडं परत टांगलं, आत बसला. देवकाबाईने पुस्तक उघडलं. चित्र नसलेलं पान मी मुद्दाम दिलं होतं. ती ‘गा’शी अडली. आतून कुजबूज आली, "म्हैस."

"म्हैस," ती म्हणाली.

मी कपाळाला हात लावला. आत परत कुजबूज. "म्हैस पाटावर बसली."

देवकाबाईचं बोट थांबलं. तिने पानाकडे पाहिलं, लुगड्याकडे पाहिलं, परत पानाकडे. मग बाकावरून अर्धी उठून म्हणाली, "डोरे फुटले का तुमचे? म कोठी हाये इतं? ग हाये. ग ले काना हाये. गाय हाये ते, बापा."

"म्हैसच हाये," लुगडं म्हणालं.

"गाय हाये."

"तीस वर्ष वही वाचली मी. म्हैस हाये."

तिने पुस्तक घेऊन पडद्याच्या आत हात घातला आणि त्याच्या नाकासमोर ते धरलं. सगळा वर्ग उठून उभा राहिला. फुलनबाईसुद्धा ओरडली की गायच हाये, काना मलेबी दिसून राहिला. त्या दिवसापासून आमच्या वर्गात जे सुरू झालं त्याला कोणत्या शिक्षणशास्त्रात नाव आहे मला माहीत नाही. पराम्टर चूक सांगायचा आणि बाया त्याला खोटं पाडायच्या. तो ‘बैल’ म्हणायचा, त्या ‘विहीर’ काढून दाखवायच्या. त्याला खोटं पाडायचं तर अक्षराकडे बघावंच लागायचं. हातातली कामं अर्धवट टाकून बाया यायला लागल्या. नवऱ्याला जे बोलता येत नाही ते सगळं त्या लुगड्याला बोलून घ्यायच्या.

त्यांनी चिन्हांना आपली नावं ठेवली. व च्या पायाला ऋकार लागला की त्याला ‘इरा’ म्हणायच्या. इरा म्हणजे विळा. आमच्याकडच्या जिभेवर ळ बसत नाही, त्याचा र होतो. शाळेची सारा होते आणि डोळ्याचा डोरा. लिहिताना ळ, बोलताना र. मी पुष्कळ डोकं आपटलं आणि सोडून दिलं.

एक दिवस वर्ग सुटल्यावर मी त्याला म्हटलं, झकास युक्ती काढलीत. तो खूश होईल असं वाटलं होतं. तो लुगड्याची घडी घालत होता. म्हणाला, "तीस वर्षात एक शब्द चुकीचा नाई देल्ला मी, मॅडम. नट दारू पिऊन राहे, हार्मोनियमवाला झोपून राहे, माह्या तोंडून चूक नाई गेली. आता दिवसाले पन्नास जाते." घडी काखेत मारून तो गेला. आणि दुसऱ्या दिवशी येऊन एकशेदहा चुका केल्या.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं, पोरांना बुंदी वाटली, आणि ग्रामपंचायतीसमोरच्या पटांगणात सतरंज्या पडल्या. एवढी माणसं त्या गावात आहेत हे मला तेव्हा कळलं. बाया एका बाजूला, पुरुष एका बाजूला. खुर्चीवर देवकाबाई, नव्या लुगड्यात, ताठ. मागे सवयीने येऊन उभा राहिलेला टेकचंदभाऊ. त्याला ग्रामसेवकाने नम्रपणे सतरंजीवर बसायला सांगितलं. उपसरपंचाने पहिल्या रांगेत मांडी घातली आणि खिशातून तंबाखू-सुपारीचा खर्रा काढून मळायला घेतला, निवांत, फळ लागलेल्या झाडाखाली बसावं तसा. पराम्टर कुठे दिसेना. मग पाण्याच्या काळ्या टाकीमागे छत्रीचं टोक दिसलं. मी त्याला शपथ घातली होती की सभेत तोंड उघडायचं नाही.

विषयपत्रिका हातात आली. तिने उभं राहून कागद डोळ्यांसमोर धरला. "विषय क्रमांक एक," तिने वाचलं. "मागील सभेचे." आणि थांबली.

पुढचा शब्द होता इतिवृत्त. तो आमच्या कोणत्याही धड्यात नव्हता. असा शब्द घालून विषयपत्रिका सुरू होते हे माझ्यासारख्या शिकलेल्या बाईच्या लक्षात येऊ नये? उपसरपंचाचा खर्रा मळणारा अंगठा थांबला. सतरंजीवर टेकचंदभाऊ गुडघ्यावर आला होता, त्याचे ओठ ‘इ’ म्हणायला ताणलेले. त्याने तो शब्द उच्चारला की खुर्ची गेली. तो चांगल्या मनाने सांगणार होता, तेच वाईट होतं.

टाकीमागून कुजबूज आली. पटांगणाच्या पार टोकाला, सायकलवर बसलेल्या माणसालाही ऐकू गेली.

"इस्त्रीवाला."

देवकाबाईने मान झटकन वर केली. डोळे मोठे, नाकपुड्या फुगलेल्या. मला ते रूप ओळखीचं होतं. "इस्त्रीवाला कोठून आला इतं?" ती टाकीला म्हणाली. "व हाये, व च्या पायात इरा हाये, मांगं दोन त चिपकले हायेत. इति. वृत्त. इतिवृत्त." आणि कागदाकडे वळून, एका दमात, "मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करने."

बायांनी टाळ्या वाजवल्या. उपसरपंच उठला. हे चालणार नाही, म्हणाला, मांगून सांगितलं, सगळ्या गावानं आयकलं, राजीनामा लिवा. गलका झाला. ग्रामसेवकाने हात वर करून शांत केलं आणि वहीत पेन टेकवून विचारलं, "मागून काय सांगितलं?"

"इस्त्रीवाला," उपसरपंच म्हणाला.

"आणि कागदावर काय आहे?"

"इतिवृत्त."

"मग याला सांगणं कसं म्हणायचं? हा तर अडथळा झाला," ग्रामसेवक म्हणाला. "अडथळा येऊनही सरपंचांनी वाचलं, असं लिहितो." आणि लिहिलं.

त्यानंतर तिला कोणी थांबवू शकलं नाही. दुसरा विषय, तिसरा विषय, बोट न ठेवता. चौथा तिने असा वाचला: "गावातील नर दुरुस्ती करनेबाबत."

गावाला काही वाटलं नाही, कारण गावात नळाला नरच म्हणतात. पण ग्रामसेवक साताऱ्याकडचा. त्याची मान वर आली. "सरपंचबाई," तो हळूच म्हणाला, "नर नाही. नळ. नर म्हणजे पुरुष."

सगळं पटांगण तिच्याकडे बघत होतं. तिने कागद पाहिला. मग उपसरपंचाकडे पाहिलं, सावकाश, खर्ऱ्यापासून टोपीपर्यंत. मग आपल्या नवऱ्याकडे.

"साहेब," ती म्हणाली, "या गावात दोनी बिघडले हायेत. दोनीची दुरुस्ती लिवा."

बायांची बाजू अशी हसली की टाकीवरचे कावळे उडाले. फुलनबाई माझ्या अंगावर पडली. ग्रामसेवक लाल झाला, पण वही उघडी होती आणि तो चोख माणूस होता. सूचक सरपंच स्वतः, म्हणाला, अनुमोदन कोणाचं? पुरुषांच्या बाजूला एकदम सगळ्यांना आपापल्या चपलांची आठवण झाली.

टेकचंदभाऊ उभा राहिला. एकदा खाकरला. हात वर केला.

"मी देतो अनुमोदन," तो म्हणाला. "अन् दुरुस्ती माह्यापासून सुरू करा."

देवकाबाईने कागद तोंडासमोर धरला. तिला पाचवा विषय वाचायला थोडा वेळ लागला, आणि त्या वेळात कोणीही तिला काही सांगितलं नाही.

सभा संपल्यावर मी तडक टाकीमागे गेले. तो छत्रीवर हनुवटी टेकून बसला होता, चेहरा बुंदीच्या पाकात बुडवल्यासारखा. मी त्याला धरलंच. म्हटलं, खरं सांगा, टेकचंदभाऊला ते वाक्य तुम्हीच दिलंत ना?

"नाई वो मॅडम," तो म्हणाला. "माह्या वहीत एवढं चांगलं वाक्य कधीच नोतं. असलं सुचलं असतं तं मी नाटकं लिवली असती. पराम्टर कायले झालो असतो?"